फुकटचं निकालपत्रक

सावेडी, अहमदनगर
१६ मार्च १९९९

चि. जयमालास,
सप्रेम जयभीम आणि आशीर्वाद.

आमचा महेंद्र सकाळपासून माझ्या मागे लागलाय म्हणून हे पत्र लिहिते. नाहीतर तू लिहायचं आणि मावशीने उत्तर द्यायचं, असा आपला रिवाज आहे आणि तो मोडायची मला हौस नाही.

त्याने घराखालच्या गाळ्यात तीन कॉम्प्युटर आणून मांडलेत आणि बाहेर 'इंटरनेट' अशी पाटी लावलीय. फोनची वायर जोडली की यंत्र दोन मिनिटं किंचाळतं आणि मग जगभरातलं काहीबाही पडद्यावर येतं. तेवढा वेळ आपल्या घरचा फोन बंद. तू राजूरच्या एसटीडीवरून फोन लावलास आणि लागला नाही, तर मावशी गेली असं समजू नकोस, खाली कुणीतरी जग बघत बसलंय असं समज.

तर मुद्दा असा. परवा त्याला एक पान सापडलं. कॅनडातल्या कुठल्याशा शाळामास्तरने केलेलं आहे म्हणे. वर्गातल्या पोरांची नावं घालायची, विषयवार गुण घालायचे, की ते आपलं आपण बेरीज करतं, टक्के काढतं, पास-नापास लिहितं आणि नंबरसुद्धा लावतं. काही विकत घ्यायचं नाही, कुठे सही करायची नाही. सगळं फुकट. महेंद्र म्हणतो, जयमालाला कळव, बिचारीचे एप्रिलमधले चार दिवस वाचतील.

कळवलं. आता माझं ऐक. तो कॅनडाचा मास्तर आपला कोण लागतो? त्याला अकोले तालुक्यातल्या पोरांच्या बेरजा करून देण्यात काय मिळतं? मी महेंद्रला हेच विचारलं तर म्हणतो, त्याने स्वतःच्या वर्गासाठी केलं होतं, इतरांनाही वापरू देतो. फुकट ते पौष्टिक म्हणतात, पण मी तरी आजवर असलं पौष्टिक काही पाहिलेलं नाही. आज पोरांची नावं घेतील, उद्या आणखी काही घेतील. चौतीस वर्षं मी जिल्हा परिषदेच्या शाळांत निकालपत्रकं केली. उभी बेरीज, आडवी बेरीज, दोन्ही जुळल्याशिवाय जेवले नाही. एका तपासणीत लाल शेरा नाही.

तुझी नोकरीची दोन वर्षं जूनमध्ये भरतात. कायम झाल्याचा कागद हातात पडेपर्यंत नवं काही करू नकोस, एवढंच सांगणं.

तुझी मावशी,
विमल


हिरडेवाडी, ता. अकोले
२४ मार्च १९९९

ती. विमलमावशीस,
सविनय जयभीम.

तुझं पत्र पोचलं. वाचून इतकी हसले की खोलीच्या मालकीणबाई बघायला आल्या. तू मला नको म्हणालीस आणि तीन परिच्छेद भरून त्या पानाची माहिती दिलीस. आता मला ते करून बघितल्याशिवाय चैन कसं पडेल?

माझी अवस्था ऐक. मी नववीची वर्गशिक्षिका. पण आठवीचे सर रजेवर गेलेत म्हणून मुख्याध्यापक गोरक्षनाथ सरांनी आठवीचं निकालपत्रकही माझ्याच गळ्यात घातलंय. सर वाईट नाहीत, फक्त सगळ्यात नव्या माणसाला सगळ्यात जास्त काम द्यायचं असं त्यांचं धोरण आहे. वीज दिवसातून सहा तास असते. शेवटचा पेपर वीस एप्रिलला आणि निकाल एक मेला. सरांनी मला उभं करून सांगितलंय की संस्थेच्या मंडळाची बैठक सहा जूनला आहे, त्यात माझा कायम करण्याचा प्रस्ताव ठेवतील, आणि तोवर माझ्याकडून निकालात एकही खाडाखोड नको.

मंडळात पाच जण आहेत. त्यातले बन्सीराव बोलतात आणि बाकीचे माना डोलावतात. त्यांचा मुलगा अमृत माझ्याच वर्गात आहे. मनाने चांगला आहे, फळ्याकडे मात्र वर्षभर पाठ. तेव्हा बन्सीरावांचा चेहरा निकालाच्या दिवशी कसा असेल ह्याची धास्ती मला आत्तापासून आहे.

मी ठरवलंय. आठवीचं हाताने करते. नववीचं त्या पानावर. पंचवीस एप्रिलला, रविवारी, सगळ्या गुणयाद्या घेऊन सावेडीला येते. महेंद्रदादाला सांग एक कॉम्प्युटर राखून ठेव. आणि तू खिडकीत बसून कॅनडाच्या मास्तरावर लक्ष ठेव.

तुझी,
जयमाला


सावेडी
२७ एप्रिल १९९९

चि. जयमालास,
जयभीम, आशीर्वाद.

अकोल्याच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे हे पाकीट देतेय. तो ठरल्याप्रमाणे स्टँडवरच्या कंट्रोलरकडे ठेवेल. आत तुझं निकालपत्रक आहे. नाव, एकूण गुण, टक्के आणि शेरा, एवढंच छापलंय. विषयवार छापायचं तर चार पानं होत होती आणि महेंद्रच्या छपाईयंत्रातली शाई संपत आली होती.

तू नावं टाकून झाल्या झाल्या गाडी धरलीस ते बरं केलंस, पुढच्या गाडीला उभं राहायलाही जागा नव्हती म्हणे. पुढचं मी हातात घेतलं. सातही विषयांचा एक एक आकडा मी स्वतः मोठ्याने वाचला आणि महेंद्रने टाकला. एका मुलाचेही गुण सुटले नाहीत. यंत्राचा मला भरवसा नाही, पण विमलबाईंनी वाचलेलं आहे, आता चूक शोधून दाखवावी कुणी.

गुणयाद्या मी माझ्या कपाटात ठेवल्यात. पाकिटात घातल्या आणि गाडीत गहाळ झाल्या तर कुणाला तोंड दाखवणार? पुढच्या खेपेला घेऊन जा.

मावशी


हिरडेवाडी
३ मे १९९९

ती. मावशीस,
जयभीम.

निकाल लागला. पाकीट मला एकोणतीसला मिळालं, तीसला रात्रंदिवस बसून वहीत आणि प्रगतिपुस्तकांत उतरवलं, एकला झेंडावंदन झाल्यावर वाटलं. वर्गशिक्षिकेची सही माझी, त्याखाली सरांचा शिक्का. सर म्हणाले, किती नीटनेटकं काम. मी धन्यवाद म्हणाले आणि गप्प बसले.

का गप्प बसले ते फक्त तुला सांगते. अमृतला एकाहत्तर टक्के आहेत. वर्गात पहिला. आणि पूजा नापास.

पूजा म्हणजे आमच्या बनुबाईंची मुलगी. बनुबाई भाताच्या खाचरांत मजुरी करतात, हिरडे गोळा करतात. पूजाला माझ्या मराठीत अठ्ठ्याहत्तर होते, ते मला पाठ आहेत कारण तिचा निबंध मी तीनदा वाचला होता. तिचे सातशेपैकी दोनशे बारा. म्हणजे उरलेल्या सहा विषयांत मिळून एकशे चौतीस? आणि अमृतला माझ्या मराठीत छत्तीस होते. मग बाकी सहांत मिळून त्याने चारशे एकसष्ट कुठून आणले? छगन दरवर्षी पहिला येतो, तो बावन्नवर आलाय, पण त्याला परीक्षेत टायफॉइड होता, तेव्हा त्याचं समजू शकते. बाकीची पोरं आमच्याकडे सगळी चाळीस ते पंचावन्नच्या आतली, एकाला झाकावं आणि दुसऱ्याला काढावं.

मला उतरवतानाच कळलं होतं, मावशी. कागदावर अमृतचं नाव वर बघितलं आणि माझा हात थांबला. पण मनात आलं की याद्या माझ्याकडे यायच्या आधीच कुणीतरी त्यात हात घातला असणार. गणिताचे सहादेव सर बन्सीरावांच्या जीपमधून फिरतात. आणि मी आता ओरडले तर सहा जूनचं काय होईल? म्हणून उतरवलं.

काल बनुबाई आल्या. भांडायला नाही. दारातच उभ्या राहिल्या, आत बोलावलं तरी येईनात. म्हणाल्या, "बाई, पोरीचा पेपर दावता का? मला वाचता येत न्हाई, पन धरून बघीन." मी म्हणाले, सुट्टीनंतर बघू. त्या बरं म्हणाल्या आणि गेल्या.

गुणयाद्या ताबडतोब पाठव. त्यात खाडाखोड केलेली असली तर ती दिसेलच.

तुझी,
जयमाला


सावेडी
१० मे १९९९

चि. जयमालास,
आशीर्वाद.

तुझं पत्र तीन वेळा वाचलं. आता मी जे विचारते त्याचा राग मानू नकोस. मी तुझ्या आईची मोठी बहीण आहे, मला नाही विचारता येणार तर कुणाला विचारता येणार?

खरं सांग. तू काही घेतलंस का?

मंडळातल्या माणसाचा मुलगा, वर्षभर फळ्याकडे पाठ, आणि वर्गात पहिला. गरीब बाईची हुशार पोरगी नापास. आणि त्याच मंडळासमोर जूनमध्ये तुझा कागद. मी चौतीस वर्षांत असे निकाल तीन वेळा पाहिलेत आणि तिन्ही वेळा कुणीतरी काहीतरी घेतलेलं होतं. बन्सीराव तुझ्याशी काही बोलले का? नुसतं सूचित केलं असेल. 'बाई, पोराकडे बघा' एवढंच म्हणाले असतील. माणूस एवढ्यानेही वाकतो, विशेषतः ज्याला नोकरी गमवायची भीती असते तो. तू मला पत्रात उतरवून घेतानाची सगळी हकीकत सांगतेस, आणि त्यात तू गप्प बसलीस हे दोनदा लिहितेस. मला ते खटकलं.

घेतलं नसशील तर मी माझे शब्द मागे घेते. घेतलं असशील तर परत कर, नोकरी गेली तरी चालेल. आपल्या घरात पहिली पाटी-पेन्सिल तुझ्या आजोबांनी कुणाच्या दारात उभं राहून आणली हे तुला माहीत आहे.

याद्या कपाटात आहेत. महेंद्र नाशिकला गेलाय, तो आला की काढून देते.

मावशी


हिरडेवाडी
१५ मे १९९९

मावशी,

मी काही घेतलेलं नाही. एका वाक्यात लिहिलं, ह्यापेक्षा जास्त लिहिणार नाही. तुझं पत्र घेऊन मी ओढ्यापर्यंत गेले आणि तिथे बसून रडले. उठले तेव्हा ठरवलं की तुझ्यावर रागवायला मला वेळ नाही.

मी घेतलं नाही, म्हणजे कुणीतरी केलंय. गेल्या आठवड्यात मी गोरक्षनाथ सरांकडे गेले आणि साळसूदपणे विचारलं की सर, विषयशिक्षकांच्या याद्या माझ्याकडे यायच्या आधी कुणाकुणाच्या हातातून गेल्या? सर म्हणाले, कपाटाची किल्ली माझ्याकडे असते, तुमचा संशय माझ्यावर आहे का? मी नाही म्हणाले. खरं तर होता. त्या दिवसापासून ते माझ्याशी कामापुरतंच बोलतात. सहादेव सर तर समोरून आले की रस्ता बदलतात. गावात कुजबुज आहे की नव्या बाईंनी बन्सीरावांचं पोरगं पहिलं आणलं. दुकानात गेले की बोलणं थांबतं. तेव्हा तू विचारलंस त्यात नवल नाही. तू निदान तोंडावर विचारलंस.

पूजाला नारायणगावकडे पाठवलं आहे, टोमॅटोच्या तोडणीला, तिच्या आत्याकडे. बनुबाई म्हणाल्या, शाळा सुटलीच आहे तर चार महिने कामाला लागू दे, मग बघू. चार महिन्यांनी कोण बघणार आहे? शाळा चौदा जूनला सुरू होते आणि नापास मुलगी एकदा कामाला लागली की मागे येत नाही. ते तुला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक आहे.

उत्तरपत्रिकांचे गठ्ठे सरांच्या कपाटात आहेत आणि सरांकडे पुन्हा मागायला मला तोंड नाही. माझ्या हातात आता त्या याद्याच उरल्या. सहा जूनच्या आत मिळाल्या तर मी बैठकीआधी काही करू शकते. पाठव.

जयमाला


सावेडी
२२ मे १९९९

चि. जयमालास,
आशीर्वाद.

इथे ऊन फार आहे. पाणी एक दिवसाआड येतं. माझे गुडघे बरे आहेत.

तू घेतलं नाहीस ह्यावर माझा विश्वास आहे. मी विचारायला नको होतं.

याद्या सापडत नाहीत. महेंद्रने कपाट आवरलं, त्यात रद्दीबरोबर गेल्या असाव्यात. शोधते, पण आशा धरू नकोस. माझं ऐकशील तर सहा तारीख होईपर्यंत हा विषय काढू नकोस. कायम झालीस की मग सावकाश बघता येईल. पोरीचं एक वर्ष गेलं तर फार काही बिघडत नाही, पुढच्या वर्षी बसेल पुन्हा.

तब्येतीला जप.

मावशी


हिरडेवाडी
२७ मे १९९९

मावशी,

तुझं पत्र मी दिव्याजवळ धरून अक्षर तपासलं. मला वाटलं दुसऱ्याच कुणी लिहिलंय.

तू, जिने १९६५ सालची बदलीची ऑर्डर अजून प्लास्टिकच्या पिशवीत ठेवलीय, तुझ्याकडून सेहेचाळीस मुलांच्या गुणयाद्या रद्दीत गेल्या? आणि 'पोरीचं एक वर्ष गेलं तर फार काही बिघडत नाही' हे तू लिहितेस? माझ्या आईला शाळेत परत घालायला नेवाशापर्यंत पायी गेलेली तू?

तू काहीतरी लपवतेस. काय, ते मला ह्या आठवड्यात समजलं असं वाटतं. इथल्या दूधगाडीच्या ड्रायव्हरने सांगितलं की सत्तावीस एप्रिलच्या आसपास बन्सीरावांची जीप सावेडीत उभी होती. इंटरनेटची पाटी असलेल्या दुकानासमोर. त्याने पाटीचं वर्णन केलं, ती दादाचीच आहे.

गुण दादाने टाकले. कागद दादाने छापला. कपाट दादाने आवरलं. नवीन धंदा आहे, तीन कॉम्प्युटरांचं ओझं आहे. मी त्याला लहानपणापासून ओळखते आणि तरी विचारते आहे, कारण तूही मला ओळखत होतीस आणि तरी विचारलंस. बन्सीराव महेंद्रदादाला भेटले का? तू त्याला पाठीशी घालते आहेस का?

हो असेल तर तसं लिही. मी त्याचं नाव घेणार नाही. पण मला कळलं पाहिजे.

जयमाला


सावेडी
३१ मे १९९९
(रजिस्टर्ड)

चि. जयमाला,

सगळ्या गुणयाद्या सोबत आहेत. सात विषय, सात कागद. एकाही कागदावर खाडाखोड नाही. तुझ्या गोरक्षनाथ सरांनी काही केलं नाही, सहादेवनेही नाही. बन्सीराव आपल्या दुकानात आले होते ते पुण्याला फोन लावायला, आणि पोराला कॉम्प्युटरच्या क्लासला घालावं का ते विचारायला. महेंद्रला त्यांचं नावही माहीत नव्हतं.

चूक माझी आहे. मला एकोणीस मेपासून माहीत आहे.

आता नीट वाच. तू नावं टाकलीस ती हजेरीप्रमाणे. एक ते सत्तावीस मुलं, अठ्ठावीस ते सेहेचाळीस मुली. आधी मुलं, मग मुली, हीच आपली रीत. मी अकरा शाळा बदलल्या, कुठेही दुसरं काही बघितलं नाही. तू शेवटचं नाव टाकून बटण दाबलंस आणि गाडीला पळालीस. त्या बटणाने सगळी नावं इंग्रजी अक्षरांच्या क्रमाने लावली, मुलं-मुली एकत्र मिसळून. त्या कॅनडाच्या मास्तरच्या शाळेत तशीच हजेरी असणार. अमृत सगळ्यात वर गेला. पूजा एकोणतिसावी झाली.

मी याद्या घेऊन बसले ती पडद्याकडे पाठ करून. मला त्या यंत्राचं तोंड बघायचं नव्हतं. आणि वाचायला लागले, रोल नंबर एक, दोन, तीन, नुसते आकडे, मागे चौतीस वर्षं वाचले तसे. महेंद्र वरून खाली टाकत गेला. रोल नंबर एक छगन, त्याचे गुण अमृतला पडले. रोल नंबर एकोणतीस जी कुणी मुलगी असेल तिचे पूजाला. सेहेचाळीसपैकी जेमतेम दोन पोरांना स्वतःचे गुण मिळालेत.

आणि पुढचं लिहायला मला सगळ्यात जड जातंय. तिसऱ्याच ओळीला महेंद्र म्हणाला होता, "आई, आकड्याबरोबर नावही वाच ना." मी म्हणाले, "मला शिकवू नकोस. नंबर म्हणजे नंबर. तू टाक." तो टाकत गेला.

तुझं पंधरा तारखेचं पत्र आल्यावर मी याद्या काढल्या, ते खाडाखोड शोधायला. सापडली नाही म्हणून सगळ्या बेरजा पुन्हा केल्या, आणि तुझ्या पत्रातला पूजाचा आकडा जुळेना. दुसऱ्या दिवशी महेंद्रला म्हणाले, ते पान पुन्हा लाव. ह्या वेळी समोर बसले. आणि नावं जागा बदलताना डोळ्यांनी बघितली.

त्यानंतर मी तुला ते उन्हाचं आणि गुडघ्यांचं पत्र लिहिलं. महेंद्र म्हणाला, ताबडतोब कळव. मी त्याला गप्प बसवलं. मला वाटलं, विमलबाईंच्या हातून चूक झाली हे कुणाला कळण्यापेक्षा याद्या रद्दीत गेलेल्या बऱ्या. तुझी नोकरी वाचेल असं मी स्वतःला सांगत होते, पण ते खरं कारण नव्हतं. तुझं सत्तावीसचं पत्र महेंद्रने आणून दिलं आणि दारात उभा राहिला, काय लिहिलंय विचारत. मी त्याला सांगू शकले नाही की तुझी बहीण तुला चोर समजते आणि मी समजू देते आहे. मग मात्र बसले आणि हे लिहिलं.

एक सांगायचं राहिलं. सगळ्या सेहेचाळीस बेरजा मी हाताने पुन्हा केल्या. त्या परक्या मास्तरची एकही बेरीज चुकलेली नाही.

पूजाची खरी बेरीज चारशे त्र्याऐंशी. एकोणसत्तर टक्के. अमृत गणितात आणि इंग्रजीत नापास आहे.

सोबत गोरक्षनाथ सरांच्या नावे वेगळी चिठ्ठी आहे. त्यात सगळा दोष मी माझ्याकडे घेतलाय. ती द्यायची की नाही आणि कधी द्यायची, सहा तारखेच्या आधी की नंतर, हे तू ठरव. मला आता तुला काही सांगायचा अधिकार राहिलेला नाही.

विमल


हिरडेवाडी
१३ जून १९९९

ती. मावशीस,
सविनय जयभीम.

तुझं रजिस्टर पत्र मला चारला दुपारी मिळालं. वाचलं, आणि ट्रंकेत साड्यांच्या खाली घालून ठेवलं. चारची रात्र आणि पाचचा अर्धा दिवस ते तिथेच होतं. हे तुला सांगते, म्हणजे बारा दिवस फक्त तूच गप्प बसलीस असं तुला वाटू नये. तुझा राग मला आला, अजून आहे, पण तो माझ्या दीड दिवसाशेजारी ठेवून बघते तेव्हा तेवढा मोठा दिसत नाही.

पाचच्या संध्याकाळी सरांच्या घरी गेले. सगळ्या याद्या त्यांच्यापुढे मांडल्या आणि काय झालं ते सांगितलं. तुझी चिठ्ठी मी दिली नाही. वहीवर सही माझी आहे, मी पडताळून न बघता केलेली आहे, तिथे तुझं नाव यायचं कारण नाही. सरांनी बराच वेळ चष्मा पुसला. मग म्हणाले, "बाई, दोन दिवस थांबा. उद्या ऑर्डर निघू द्या. परवा मी स्वतः दुरुस्ती करतो, कुणाला कळणार नाही." ज्या माणसावर मी महिनाभर संशय घेतला तो माझ्यासाठी स्वतःचा शिक्का धोक्यात घालायला तयार होता. मी त्यांची माफी मागितली. कशाबद्दल ते त्यांनी विचारलं नाही.

थांबावं असं मला फार वाटलं. पण ऑर्डर बन्सीरावांच्या सहीने निघणार, आणि त्यांचा मुलगा त्या वेळी माझ्या कागदावर पहिला असणार. मग गावातली कुजबुज खोटी कशी राहिली असती? तू विचारलेला प्रश्नही खरा ठरला असता.

सहाच्या बैठकीत माझा विषय निघायच्या आधी मी उभी राहिले आणि सांगितलं. बन्सीरावांनी ऐकून घेतलं. आवाज चढवला नाही, तेच जास्त वाईट वाटलं. त्यांनी एकाहत्तर टक्क्यांचे पेढे सगळ्या गावाला वाटले होते. शेवटी म्हणाले की ज्या बाईंना स्वतःच्या वर्गाचा निकाल लावता येत नाही त्यांना आणखी एक वर्ष बघू. बाकीच्यांनी माना डोलावल्या. तेव्हा मी कायम झालेले नाही. पुढच्या जूनपर्यंत आहे, मग त्यांची मर्जी. सरांनी निकाल दुरुस्त करून तालुक्याला पाठवला. छगन पहिला आलाय. अमृत परवा भेटला तेव्हा एकटाच माझ्याशी हसून बोलला. म्हणाला, मला पहिल्या दिवसापासून ठाऊक हुतं बाई, पन घरात कुनी विचारलंच न्हाई.

महेंद्रदादाला माझं सत्तावीस तारखेचं पत्र दाखवू नकोस असं लिहिणार होते. आता म्हणते, दाखव. त्याला जे वाटायचं ते वाटू दे. मी सुट्टीत येईन आणि समोर बसून माफी मागेन.

काल बनुबाईंना घेऊन भाड्याच्या जीपने नारायणगावला गेले. आत्याचं घर सापडलं, पोरगी घरात नव्हती. दोन शेतं ओलांडून गेलो तर पूजा क्रेट डोक्यावर घेऊन बांधावरून येत होती. मला बघून तिने तो खाली ठेवला आणि हात पाठीमागे नेले, हाताला टोमॅटोच्या झाडाचा काळा डाग लागतो तो मला दिसू नये म्हणून. मी तिला सांगितलं की तू पास आहेस, एकोणसत्तर टक्के आहेत, चूक माझी होती. बनुबाई तोंडाला पदर लावून बांधावर खाली बसल्या. पूजा मात्र नुसती उभी.

मला वाटलं ती चिडेल. चिडली असती तर मला बरं वाटलं असतं. मी तिला विचारलं, अगं, तुझी आई पेपर बघायला आली, तू का नाही आलीस? तुला एकदाही वाटलं नाही का, कुणीतरी काहीतरी केलं असेल?

मावशी, तू माझ्यावर संशय घेतलास, मी सरांवर घेतला, सहादेव सरांवर घेतला, दादावर घेतला, तुझ्यावर घेतला, गावाने माझ्यावर घेतला. त्या पोरीने काय सांगितलं ते तिच्याच शब्दांत लिहिते.

"न्हाई बाई. तुमी लिवलं म्हंजे खरंच आसंल. मला वाटलं, मला येतंय आसं मला उगाच वाटत हुतं."

मी क्रेटची एक बाजू धरली, तिने दुसरी धरली, आणि आम्ही तो रस्त्यापर्यंत नेला. उद्या दहावीचा वर्ग भरतो.

तुझी,
जयमाला